राखाडी पुस्तिकेला पाचपैकी साडेतीन

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट म्हणजे आयडीपी, परदेशात गाडी चालवताना आपल्या लायसन्सबरोबर दाखवायची पुस्तिका, ही काही दुकानात मिळणारी वस्तू नाही. पण तिला पैसे पडतात, तिची मुदत संपते, पुन्हा पैसे भरून नवी घ्यावी लागते. तेव्हा तिच्याबद्दल चार शब्द ऐकवायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते. माझं काम मशीन बसवून, चालवून, तिथल्या लोकांच्या हवाली करायचं. कारखाने विमानतळाला खेटून नसतात. शेवटची बस संध्याकाळीच निघून जाते आणि ट्रायल रात्री रंगात येते. त्यामुळे कुठेही उतरलं की आधी गाडी ताब्यात घ्यायची अशी सवय लागलीय, आणि पासपोर्टच्या मागे ही राखाडी पुस्तिका कायम असते. वर्ष संपायच्या आत तिचे कोपरे दुमडलेले असतात.

आधी वस्तूबद्दल. १०५ बाय १४८ मिलिमीटर, म्हणजे ए-६ आकार. कव्हर राखाडी, आतली पानं पांढरी. हे कुणा ऑफिसच्या आवडीनिवडीवर सोडलेलं नाही, रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या जिनिव्हा करारात तसा नमुनाच जोडलेला आहे. आत एकच मजकूर वेगवेगळ्या भाषांत छापलेला असतो, आणि शेवटच्या पानावर तुमचं नाव, फोटो, सही आणि ए, बी, सी, डी, ई असे पाच वर्ग. ए म्हणजे दुचाकी. बी म्हणजे चालक सोडून जास्तीत जास्त आठ सीट आणि साडेतीन हजार किलोपर्यंतची गाडी. सी ट्रक, डी बस, ई म्हणजे मागे जोडलेला ट्रेलर. जो वर्ग तुम्हाला लागू, त्याच्यासमोर शिक्का. एकदा रात्री तपासणीला थांबवलेल्या पोलिसाने टॉर्च मारून थेट ते पान उघडलं, बीसमोरचा शिक्का पाहिला, फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तिका परत दिली. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. अर्ध्या मिनिटात काम झालं. याला मी चांगलं डिझाइन म्हणते. इंटरनेट नव्हतं तेव्हाच्या लोकांनी विचार करून बनवलेला हा कागद आजही बॅटरीशिवाय चालतो.

त्याच पुस्तिकेत एक जागा आहे, तिथे सहसा कुणी बघत नाही. एखाद्या देशाने तुमचा गाडी चालवायचा हक्क काढून घेतला, तर त्या देशाचं नाव आणि शिक्का तिथे येतो. त्यासाठी रिकाम्या ओळी छापून ठेवल्यात, एक-दोन नव्हे, चांगल्या ओळीने. करार करणाऱ्यांना माणसाच्या स्वभावाची जाण होती म्हणायची.

आता ही पुस्तिका काय नाही ते. ते लायसन्स नाही. तुमच्या घरच्या लायसन्सचं सरकारी, ठरलेल्या नमुन्यातलं भाषांतर आहे, बस. मूळ लायसन्स जवळ नसेल तर नुसती पुस्तिका दाखवून उपयोग नाही. मूळ लायसन्सची मुदत संपली की हिचाही जीव गेला. ज्या देशाने दिली त्या देशात ती चालत नाही, हे तिच्या कव्हरच्या आतच छापलेलं असतं. आणि ती घर सोडायच्या आधीच घ्यावी लागते. पोचल्यावर तिथल्या ऑफिसात जाऊन ‘माझ्या लायसन्सवर एक परमिट द्या’ असं म्हणता येत नाही, कारण ज्यांनी लायसन्स दिलं, त्यांनीच परमिट द्यायचं अशी रीत आहे. कॅलिफोर्नियाचा परिवहन विभाग तर स्पष्ट सांगतो की आयडीपीला आम्ही लायसन्स मानत नाही. तिथे अठरा पूर्ण झालेल्या पाहुण्याला त्याच्या मूळ, वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. आपण पुस्तिका पुढे करायची आणि समोरच्याने मागचं कार्ड मागायचं, असा प्रकार.

खरी गोची करारांची आहे. एकच आयडीपी नाही, प्रत्येक कराराची पुस्तिका वेगळी. १९२६चा पॅरिसचा करार, १९४९चा जिनिव्हाचा, १९६८चा व्हिएन्नाचा. १९४९वाल्या पुस्तिकेची मुदत एक वर्ष. १९६८वालीची जास्तीत जास्त तीन वर्षं, किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. बाहेरून दोन्ही सारख्याच राखाडी. कव्हरवर कराराची तारीख बारीक अक्षरात असते, १९ सप्टेंबर १९४९ किंवा ८ नोव्हेंबर १९६८, आणि सगळा खेळ त्या एका ओळीचा. जपान फक्त १९४९वाली मानतो. व्हिएतनाम १९६८च्या करारात आहे आणि १९४९वाली मानत नाही. म्हणजे एकाच दौऱ्यात दोन्ही देश असतील तर एका ठिकाणी तुम्ही राजा आणि दुसऱ्या ठिकाणी मागच्या सीटवर. चीनचा मुख्य भूभाग यातली एकही मानत नाही, तिथे त्यांचं तात्पुरतं लायसन्स काढावं लागतं. मी तिथे सरळ ड्रायव्हर मागून घेते.

याची मजा मी एका जर्मन सहकाऱ्याबरोबर पाहिली. जर्मनी १९४९च्या करारात नाही, त्यामुळे ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या वेगवान महामार्गांवर, आयुष्य काढलेल्या या माणसाची आयडीपी जपानमध्ये रद्दी. जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स अशा काही ठरावीक ठिकाणच्या लायसन्ससाठी जपानची वेगळी सोय आहे: जपान ऑटोमोबाइल फेडरेशनकडून जपानी भाषांतर करून घ्यायचं आणि मूळ लायसन्सबरोबर बाळगायचं. त्याने ते आधी मागवलं नव्हतं. आठवडाभर मी चालवलं, तो शेजारी बसून नकाशा बघत राहिला आणि मी ब्रेक मारला की पाय दाबत राहिला.

पाचातला अर्धा तारा मी कापला तो या गोंधळासाठी. कव्हरवर कराराची तारीख ठळक छापायला काय हरकत होती? परमिट देणाऱ्या खिडकीवरही कुणी विचारत नाही की बाबा रे, जाणार कुठे. तेव्हा हे आपणच करायचं. आपला देश कोणत्या करारावर परमिट देतो ते बघायचं, जिथे जायचं तो देश कोणतं मानतो ते त्याच्या वाहतूक खात्याच्या किंवा वकिलातीच्या पानावर वाचायचं, आणि दोन्ही जुळतात का ते तिकीट काढायच्या आधी तपासायचं. गाडी भाड्याने देणाऱ्याच्या जाहिरातीत वाचून समाधान मानू नये.

नकली मालाबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने पहिल्याच दौऱ्याआधी मला मोठ्या उत्साहाने फोन केला.

“मॅडम, माझं इंटरनॅशनल लायसन्स आलं पण! ऑनलाइन केलं. प्लास्टिकचं कार्ड आहे, एकदम भारी. तुमचं एक वर्षाचं ना? माझं वीस वर्षांचं आहे.”

“वीस? अरे, जगातला कुठलाच करार तीनच्या पुढे जात नाही. कुणी दिलंय?”

“वेबसाइटवर जगाचा नकाशा आणि मोठा लोगो आहे, मॅडम.”

“लोगो मीही काढून देते तुला. ज्या सरकारने लायसन्स दिलं त्याचं किंवा त्याने नेमलेल्या संस्थेचं नाव आहे का कार्डावर?”

नव्हतं. असल्या साइट ‘इंटरनॅशनल ड्रायव्हर्स लायसन्स’, ‘वर्ल्ड ड्रायव्हिंग डॉक्युमेंट’ अशी भारदस्त नावं वापरतात आणि खाली अगदी बारीक अक्षरात ‘हे सरकारी कागदपत्र नाही, फक्त भाषांतर आहे’ असं लिहून मोकळ्या होतात. ओळखायची सोपी खूण मुदत. पाच, दहा, वीस वर्षं लिहिली असतील तर ते कार्ड बर्फ खरवडायला ठेवावं. मुलाने शेवटी रीतसर पुस्तिका काढली, कार्डाचे पैसे बुडाले.

आता भाड्याच्या गाडीचं काउंटर. पुस्तिकेची खरी परीक्षा पोलिसापेक्षा तिथे होते. बहुतेक ठिकाणी ती उघडूनही बघत नाहीत, कव्हरचा फोटो काढतात आणि पुढे जातात. पण एका भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीत, नाव घेत नाही, मला चांगलाच वेळ उभं ठेवलं. त्यांचा नियम असा की लायसन्स किमान एक वर्ष जुनं पाहिजे. नियम बरोबर आहे, बऱ्याच कंपन्यांचा असतो. माझं लायसन्स नुकतंच रिन्यू झालं होतं आणि काउंटरवरच्या मुलाने रिन्युअलची तारीख पहिली तारीख म्हणून वाचली. त्याच्या लेखी मी दोन महिन्यांची शिकाऊ. पांढरे केस दाखवून झाले. त्याने नवशिक्यांचा जादा आकार लावला आणि हसून पावती पुढे सरकवली.

इथे पुस्तिका तोंडघशी पडते. तिच्यात नाव आहे, जन्मतारीख आहे, पत्ता आहे, पाचही वर्ग आहेत. लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं, याला माझ्या पुस्तिकेत रकानाच नाही. जगभरच्या काउंटरवर जो प्रश्न हमखास विचारला जातो, नेमकं त्याचंच उत्तर नाही. नमुना ठरला तेव्हा गाडी भाड्याने घेणं हा एवढा मोठा धंदा नव्हता हे मान्य. पण मधल्या काळात एक ओळ वाढवता आली असती. तेव्हापासून मी लायसन्स देणाऱ्या खात्याकडून जुन्या नोंदीचा उतारा काढून घेऊन फिरते, शिक्का आणि पहिल्या तारखेसह. तो दाखवला की वाद मिटतो. इथे मी आणखी एक अख्खा तारा कापला. उरलेले साडेतीन तिच्या साधेपणाला.

दुचाकीवाल्यांनी ए समोरचा शिक्का बघावा. सुट्टीत बेटावर पोचल्यावर स्कूटर भाड्याने देणारा माणूस काहीही विचारत नाही, पैसे घेतो आणि किल्ली देतो. विचारतो तो विमा कंपनीचा माणूस, आणि तो अपघातानंतर विचारतो. फक्त बीचा शिक्का असलेला माणूस स्कूटरवर पडला, तर प्रवास विमा हात वर करू शकतो. त्यावर मी जास्त काही लिहीत नाही, पॉलिसीचं ते पान ज्याने त्याने वाचावं.

या पुस्तिकेबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज मात्र तिच्या मुदतीचा आहे. तिच्यावर एक वर्ष लिहिलंय म्हणजे कुठेही एक वर्ष चालवता येतं, असं लोक धरून चालतात. पाहुण्याचं ठीक आहे. पण तुम्ही तिथे राहायला गेलात, की घड्याळ वेगळं. १९६८च्या नमुन्यात तसं छापलेलंच आहे: धारक ज्या देशात कायम राहू लागला, तिथे हे परमिट संपलं. आणि रहिवासी कधी झालात हे ठरवणार तो देश, तुमची पुस्तिका नव्हे.

आमच्यातला एक जण जर्मनीतल्या ऑफिसात बदलीवर गेला. आयडीपीवर आणखी सात महिने शिल्लक आहेत, म्हणून निवांत. जर्मनीचा नियम युरोपीय संघाबाहेरच्या लायसन्सला राहायला आल्यापासून सहा महिने. त्यानंतर ते तिथे अवैध, पुस्तिका असो वा नसो. एकूण मुक्काम वर्षापेक्षा जास्त नाही असं दाखवता आलं तर सहा महिने वाढवून मिळू शकतात, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. पुढे लायसन्स बदलून घ्यायचं तर ते कुठल्या देशाचं आहे यावर ठरतं. त्यांच्या नियमांच्या जोडपत्रात देशांची यादी आहे. यादीत असाल तर परीक्षेत सूट, नसाल तर लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा द्या. एक दिलासा असा की अशा माणसाला ड्रायव्हिंग स्कूलचे ठरावीक तास सक्तीचे नाहीत. आणि नवं कार्ड हातात देताना जुनं ठेवून घेतात. सुट्टीत घरी गेल्यावर काय चालवायचं, हा प्रश्न त्याने मला विचारला होता. मी म्हटलं, रिक्षा.

ब्रिटनची मुदत बारा महिने. ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडा, सिंगापूर अशा ठरावीक देशांच्या लायसन्सवाल्यांना तिथे राहायला आल्यापासून पाच वर्षांच्या आत अदलाबदल करता येते. बाकीच्यांनी शिकाऊ लायसन्स काढून पहिल्यापासून सुरुवात करायची. बारा महिने उलटले की कालपर्यंत मोटरवेवर एकटे जाणारे तुम्ही आज एल पाटी लावून, शेजारी लायसन्सवाला बसवून गाडी चालवता. स्वभावाला औषध नाही, त्यामुळे ही परीक्षा जुने ड्रायव्हर नवशिक्यांपेक्षा जास्त वेळा नापास होतात असं तिथल्या शिकवणाऱ्यांकडून ऐकलंय. आरसे बघताना मान वळवायची असते, नुसते डोळे फिरवलेले परीक्षकाला दिसत नाहीत.

कॅलिफोर्नियात तर राहायला आल्यापासून दहा दिवसांत तिथलं लायसन्स काढायला सांगतात. दहा दिवसांत घर मिळत नाही! दुसऱ्या टोकाला जपान: पुस्तिकेवर जास्तीत जास्त एक वर्ष, तेही देशात उतरल्यापासून. आणि नोंदणी केलेल्या रहिवाशाने दरवर्षी घरी जाऊन नवी पुस्तिका आणायची युक्ती चालत नाही. बाहेर तीन महिने राहिल्याशिवाय परत आल्यावर घड्याळ नव्याने सुरू होत नाही. जपानचं लायसन्स बदलून घ्यायचं तर १ ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा पन्नास प्रश्नांची झालीय, आधी दहाचीच होती. पास व्हायला नव्वद टक्के. पर्यटकाला हा रस्ता आता बंद.

पुस्तिका तुमची ओळख तिकडच्यांना करून देते. तिकडच्या रस्त्याची ओळख तुम्हाला करून देणारं एकही पान तिच्यात नाही. जपानमध्ये थांबायची पाटी आठ कोनांची नाही, लाल, उलटा त्रिकोण आहे. बाकी बऱ्याच जगात उलट्या त्रिकोणाचा अर्थ ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’. नवा माणूस वेग कमी करतो, कुणी दिसत नाही, निघून जातो. तिथे चाकं पूर्ण थांबायला हवीत. २०१७ पासून नव्या पाट्यांवर जपानीखाली इंग्रजीत ‘स्टॉप’ही लिहू लागलेत, जुन्या मात्र बऱ्याच शिल्लक आहेत. रेल्वे फाटकाचंही तसंच: फाटक उघडं असलं, दूरवर गाडी नसली, तरी आधी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग ओलांडायचं.

जर्मनीत उलटा धडा. वस्तीतल्या छोट्या चौकात एकही पाटी नसते आणि तीच पाटी समजायची: उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तुम्ही रुंद रस्त्यावर असा, तो बोळातून येत असो, तोच आधी. त्याला तुम्ही थांबणार याची इतकी खात्री असते की तो मान वळवून बघतही नाही. मोठ्या रस्त्यावर पिवळा, पांढऱ्या कडेचा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला की हक्क तुमचा. त्याच चौकोनावर तिरक्या काळ्या रेघा आल्या की हक्क संपला. त्या रेघा पावसात सुटतात, म्हणून मी शेजारी बसणाऱ्याला तेवढं एकच काम देते.

अमेरिकेत लाल दिव्यालाही थांबून, बघून उजवीकडे वळता येतं, पण न्यूयॉर्क शहरात पाटीने परवानगी दिल्याशिवाय नाही. मागचा माणूस हॉर्न मारतो म्हणून वळू नये, तो दुसऱ्या गावचा असू शकतो.

तर घ्यावी का? मूळ लायसन्स लॅटिन लिपीत नसेल तर डोळे मिटून घ्या. इटलीला जाताय, जपानला जाताय, तर घ्याच. फक्त अमेरिका आणि ब्रिटन, आणि लायसन्स इंग्रजीत असेल, तर बहुतेक वेळा ती न उघडताच घरी येईल. तरी एखादी कंपनी काउंटरवर मागते आणि नाही म्हटलं तर आगाऊ भरलेले पैसे परत देत नाही, त्यामुळे मी घेतेच. घेताना दौऱ्याच्या अगदी आधी घ्या. १९४९वालीची मुदत दिल्या दिवसापासून मोजतात, विमानात बसल्यापासून नव्हे. आमच्या नव्या मुलाने यंदा सहा महिने आधी काढून ठेवलीय. दौरा पुढे ढकलला गेलाय.